एकाहत्तर पूर्णांक चार

सांगली
रविवार, ५ जानेवारी २०२५

चि. प्रियंकास,
अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड परवा मिळालं. आख्ख्या पोस्टकार्डावर पाच वाक्यं, तीही ठळक अक्षरात. ‘आप्पा, फोन करू नका. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. सांगायचं ते लिहून पाठवा, लिहिताना हाताला तरी दम लागतो. आकडा कुठनं आणला, एवढंच सांगा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत शाळेचा ठराव आहे, त्याआधी सांगा.’ पोस्टमन म्हणाला, ‘केरबाशेठ, पोरगी वकील झाली आणि कार्ड टाकतीया व्हय?’ म्हणजे त्यानं वाचलेलं दिसतंय. पुढच्या वेळी पाकीट वापर.

आई बरी आहे. माझ्याशी बोलते, पण जेवढ्यास तेवढं.

तू गेलीस ती सकाळ मी मनात पुन्हा पुन्हा वाजवून बघतो. ध्वनिक्षेपकवाल्याला दुसरं काय येतं? दहाचा सुमार. मी अंगणात कर्ण्याची वायर बदलत होतो. तू फोन घेऊन बाहेर आलीस आणि क्षमाचा निरोप वाचून दाखवलास. ती शिकवते ती खडकवस्तीची शाळा बंद करायची, अकरा पोरं साडेतीन किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत घालायची, असं घाटतंय. शिक्षणखात्याच्या साहेबांच्या टिपणात लिहिलंय, ‘एका अभ्यासानुसार कमी पटाच्या शाळांतील ७१.४ टक्के मुले पुढे शिक्षण सोडतात.’ तू म्हणालीस, ‘आप्पा, हे माझ्या भाषणातलं आहे. दोन वर्षांपूर्वीच्या फायनलचं. ती क्लिप सगळीकडं फिरली. आकडा तुम्ही दिला होता. कुठनं आणलात?’

मी उत्तर दिलं. अकरा मुद्दे सांगितले असतील. तू गप्प राहिलीस. मी म्हणालो, ‘गप्प बसलीस म्हणजे पटलं.’ तासाभरात तुझी बॅग दारात आणि तू खडकवस्तीला जायला दहिवडीच्या एस.टी.त.

अगं, ते वाक्य माझं नाही. वादविवाद करंडकाच्या नियमावलीतलं आहे, कलम सहा. समोरच्यानं न खोडलेला मुद्दा मान्य धरला जाईल. त्या कलमावर आपण सात करंडक घरी आणले. तेव्हा तुला ते कलम खटकलं नव्हतं.

तर आता तुझ्या प्रश्नाचं. एक, ती स्पर्धा होती, विधानसभा नव्हती. दोन, ‘कमी पटाच्या शाळा बंद कराव्यात’ याची अनुकूल बाजू तुला चिठ्ठीत आली, मी निवडली नव्हती. तीन, तू त्या दिवशी एकोणीस मुद्दे मांडलेस, साहेबांनी त्यातला एकच उचलला, हा दोष साहेबांचा. चार, टिपण लिहिणाऱ्यानं तपासायला नको? पाच, आकडा कुठल्या ना कुठल्या अहवालात असणारच. सहा, नसला तरी असा काहीतरी असेलच. सात, पट अकरा आहे, तो तर आपण केला नाही. आठ, शाळा बंद झाली म्हणजे पोरं काही अडाणी राहत नाहीत, मी स्वतः चौथीपर्यंत चार मैल चालत गेलो. नऊ, बापाला असं घरात आरोपीसारखं उभं करू नये.

थंडी असेल तिकडं. तुझी निळी शाल आईनं काढून ठेवली आहे.

तुझा,
आप्पा


सांगली
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. प्रियंकास,

माझंच पत्र तू मला परत पाठवलंस, ते पण लाल शाईनं तपासून. खाली शेरा, ‘एकूण मुद्दे नऊ. प्रश्नाचं उत्तर दिलं : नाही.’ आईला दाखवलं तर ती भाजी निवडता निवडता हसली. गेल्या तीन आठवड्यांतलं तिचं पहिलं हसू. त्याबद्दल तुझे आभार.

रागावून नाही, सरळ सांगतो. हे वेगानं बोलायचं मी तुला का शिकवलं, ते तुला कधी सांगितलं नाही.

मी सोळाव्या वर्षी माण सोडून सांगलीला आलो, तेव्हा एका मंडपवाल्याकडं कर्णे वाहायचो. एका जयंतीला त्याचा अँप्लीफायर जळला. मंडळाच्या जनरेटरचा दोष होता, मला वाजण्यावरनंच कळलं होतं, शेवटची दहा मिनिटं आवाज घोगरा येत होता. पण मंडळाचा अध्यक्ष बोलायला लागला. याच्यावर तो मुद्दा, त्याच्यावर हा. मी तोंड उघडायचो तोवर तो पुढच्या मुद्द्यावर. शेवटी सगळे माझ्याकडं बघायला लागले आणि मंडपवाला म्हणाला, ‘बोल की रं, गप का? म्हंजे तूच जाळला.’ मला काढून टाकलं.

तेव्हापासून मी वक्ते ऐकत आलो. सातारा, वाई, कराड, सांगली, कुठलं सभागृह सोडलं नाही. माईक लावायचा आणि पडद्यामागं बसून ऐकायचं. मला भाषणातलं फार कळत नसेल, पण ऐकणाऱ्यांचं कळतं. कुठल्या खोकल्याला परीक्षक कंटाळलाय, कुठल्या खुर्चीच्या करकरीला मागची रांग उठणार, हे मी डोळे मिटून सांगतो. त्यातनं शिकलो की शहाणा हरतो आणि न थांबणारा जिंकतो.

मग तू झालीस. तुझी जीभ लहानपणापासून हलकी. आपल्या टेम्पोत आपण सराव करायचो, आठवतं? दोन किलोमीटरच्या दगडांमध्ये तीन मुद्दे. एका मुद्द्याला चौदा सेकंद. ‘आणि’, ‘परंतु’, ‘त्याचप्रमाणे’ सगळं गाळायचं. ‘मुद्दा क्रमांक सात’ म्हणताना श्वास घ्यायचा, म्हणजे श्वास घेतलेला कळत नाही. पाच मिनिटांत एकोणीस मुद्दे. समोरचा मर मर मरून सहा खोडणार. उरले तेरा, ते कलम सहानं आपले. परीक्षकांच्या कागदावर तेरा बरोबरच्या खुणा मी टेबलावरनं उलट्या वाचायचो.

वडूजची ती क्षमा तेवढी वेगळी निघाली. फायनलला तुझे एकोणीस ऐकून ती उठली आणि म्हणाली, ‘मी एकाच मुद्द्यावर बोलणार आहे. रस्त्यावर.’ पाच मिनिटं एकच गोष्ट. शाळा लांब गेली की पोरगे सायकलवरनं जातात आणि पोरी घरी राहतात. बाकी अठरांना तिनं हात लावला नाही. हरली. मी तेव्हा तुला म्हणालो होतो, ‘गुणी आहे, पण आवाज बारीक, आणि खेळ कळत नाही तिला.’

आता आकड्याचं. तो मी कुठल्याशा कार्यक्रमात ऐकला होता. शिक्षणावरचा कार्यक्रम होता. वक्ते मोठे होते.

ग्रामसभेला येऊन तिथं बोला म्हणतेस. २६ जानेवारीला माझे सगळे संच बाहेर असतात बाळ, सकाळी सातपासून झेंडावंदनं. वर्षाचा दिवस तो. तुला माहीत नाही का?

आप्पा


सांगली
सोमवार, २० जानेवारी २०२५

चि. प्रियंकास,

तुझं पत्र आलं. ‘कुठला कार्यक्रम? वक्ता कोण? तारीख?’ आणि खाली, ‘वस्तीवर अकरा मुलं आहेत. सात मुली. इथल्या लक्ष्मीबाई म्हणतात, शाळा गेली तर सातातल्या दोघी जातील मोठ्या शाळेत. पाच नाही. त्यांची नावं मला पाठ आहेत, तुम्हाला पाठवू का?’

नको पाठवू.

मी उत्तर लिहायला बसलो. सभागृहाचं नाव लिहिलं, वक्त्याचं नाव आठवायला लागलो. आठवत होतं असं नाही, जुळवत होतो. आई मागं उभी होती, मला कळलंच नाही. माझ्यासारख्या माणसाला कळलं नाही, यावरनं समज. म्हणाली, ‘आता नाव पन बनवताय व्हय?’

मी म्हटलं, ‘मंगल, तुला यातलं माहीत नाही. एक तर—’

‘थांबा. मोजू नका. सत्तावीस वर्षं मी तुमच्याफुडं कदी बोलले न्हाई. म्हंजे मला समदं पटत आलं, असं धरलंय का तुमी?’

मी म्हटलं, ‘पटलं नव्हतं तर बोलायचं होतं की.’

‘कवा? तुमी थांबला कवा?’

मग ती आत गेली. मी विचार करत बसलो. दुकान इथं घ्यायचं का मिरजेला, तुला वसतिगृहात ठेवायची का घरी, तिच्या आईला इथं आणायची का भावाकडं ठेवायची. एकेक प्रसंग आठवला. सगळ्यात मी बोलतोय. तिचा आवाज कुठंच नाही. ती बोलली नसेल असं नव्हे. माझ्याकडं साठवलेलंच नाही.

तर ऐक. कार्यक्रम नव्हता. वक्ता नव्हता.

फायनलच्या दिवशी सकाळी मी मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांना माईक जोडायला गेलो होतो. सौदे सुरू व्हायचे होते, काटा मोकळा होता. एक हमाल म्हणाला, ‘चढा की शेठ, पोत्याचं रोज बघतो, आज तुमचं बघू.’ चढलो. एकाहत्तर किलो चारशे ग्रॅम. तासाभरानं तुला घेऊन सभागृहाकडं निघालो. तू टेम्पोत टिपणं चाळत होतीस. म्हणालीस, ‘आप्पा, बारावा मुद्दा पोकळ वाटतोय, आकडा हवा.’ मी म्हणालो, ‘लिही, एकाहत्तर पूर्णांक चार टक्के.’ तू विचारलंस, ‘कुठला?’ मी म्हणालो, ‘अहवालातला.’

नुसतं सत्तर म्हटलं तर लोकांना अंदाज वाटतो. पूर्णांक चार म्हटलं की परीक्षक पेन उचलतो. उचललंच त्यांनी.

हे तुला कळावं म्हणून लिहिलं. क्षमाला सांग, साहेबांना सांग, माझी हरकत नाही. पण चारचौघांत उभं राहून मला सांगायला लावू नकोस. मी करंडकाच्या समितीवर आहे. सगळ्या शाळा-कॉलेजांत मला लोक ‘केरबाशेठ, बसा’ म्हणतात. अँप्लीफायर जाळणारं पोरगं म्हणून याच गावात एकदा कामावरनं हाकललेला माणूस आहे मी.

आप्पा


सांगली
गुरुवार, २३ जानेवारी २०२५

प्रियंका,

तू फोन केलास. मी उचलला आणि पहिल्यांदाच काही बोललो नाही. तू म्हणालीस, ‘मी सांगून चालणार नाही आप्पा. मी सांगितलं तर साहेब म्हणतील, पोरीनं तेव्हा एक सांगितलं, आता दुसरं सांगती. ज्यानं केलं त्यानं सांगितलं तरच ती ओळ कटते.’ आणि माझ्या उत्तरासाठी थांबलीस. मग तू फोन ठेवलास.

झेंडावंदनाची कामं मी मिरजेच्या एका साउंडवाल्याला दिली. एक संच टेम्पोत टाकून मी येतोय. तुमच्या ग्रामपंचायतीचा माईक कसला असेल ते मला माहीत आहे. आई पण यायचं म्हणत होती. मी तिला म्हटलं, तू असलीस तर मला जमायचं नाही.

आप्पा


सांगली
मंगळवार, २८ जानेवारी २०२५

चि. प्रियंकास,

परवा तू समोरच होतीस, तरी लिहितोय. का ते शेवटी कळेल.

मी माईक हातात घेतला तेव्हा मला वाटलं होतं, सरळ सांगून खाली बसेन. पण तोंडाला वळण पडलेलं. ‘नमस्कार मंडळी. पहिली गोष्ट, मी काही शिक्षणातला माणूस नव्हे. दुसरी गोष्ट, आकड्याचा वापर—’ पुढच्या सतरंजीवरनं लक्ष्मीबाई उठल्याच.

‘आवं पाव्हणं, येवढ्या गोष्टी नगंत. ही पोरगी म्हनती त्यो आकडा तुमचा हाय. व्हय का न्हाई?’

‘व्हय.’

‘आनला कुठनं?’

‘माझं वजन हाय त्ये.’

तू मान खाली घातलीस ते मी बघितलं. सभा अशी गार पडली की कर्ण्यातली घरघर मला ऐकू यायला लागली. मग पारावरनं एक म्हातारा ओरडला, ‘आता किती भरतंय रं गड्या?’

मी म्हटलं, ‘चौऱ्याहत्तर.’

‘मग चौऱ्याहत्तर टक्के पोरं शाळा सोडत्यात म्हना की आता! जेवन कमी कर बाबा, आमच्या पोरांसाठी!’

सगळे हसले. मी आयुष्यात हजारो सभांचं हसणं ऐकलं असेल. माझ्यावरचं पहिल्यांदा ऐकलं. वाटलं होतं तेवढं लागलं नाही.

साहेब हसले नाहीत. त्यांनी टिपणावर रेघ ओढली आणि म्हणाले, ‘ही ओळ मी काढतो. पण पट अकरा आहे, तो खरा आहे.’ माणूस वाईट नव्हता. ठराव तुमच्या बाजूनं झाला, हात सगळ्यांचे वर गेले. पण निर्णय वरनं यायचा आहे, हे साहेबांनी दोनदा सांगितलं आणि मला ते दोन्ही वेळा ऐकू आलं. जूनपर्यंत शाळा आहे. पुढचं कुणालाच माहीत नाही.

नंतर तू टेम्पोपाशी आलीस, वायर गुंडाळायला हात लावलास. म्हणालीस, ‘शनिवारी घरी येते आप्पा.’ मी वायरचं दुसरं टोक तुझ्या हातात दिलं. दहिवडीपासून सांगलीपर्यंत गाडी चालवताना मला वाटत होतं, झालं, मिटलं. एवढ्या लोकांपुढं खरं बोललो. आता काही राहिलं नाही.

पण साहेबांचं बोलणं आणि ठराव यांच्या मध्ये क्षमा बोलली होती. चार-पाच मिनिटं, त्याच रस्त्यावर. ओढ्याचा उतार, उसाच्या गाड्या, आणि पाच पोरींची नावं. मी संचापाशी उभा होतो. तिच्यासाठी मी आवाजाच्या बटणाला हातही लावला नव्हता, माझ्या बोलण्याला लावलेलं तसंच होतं. आणि पाराच्या पलीकडं गुरं घेऊन चाललेला माणूस थांबून ऐकत होता. एवढ्या लांब तिचा शब्दन्‌ शब्द जात होता.

तिचा आवाज बारीक नाही, प्रियंका. कधीच नव्हता.

फायनलला तू एकोणीस मुद्दे मांडून बसलीस, टाळ्या पडल्या. क्षमा उठली. पहिलं मिनिट लोक चुळबुळत होते. दुसऱ्या मिनिटाला खोकले कमी झाले. तिसऱ्याला थांबले. खुर्च्यांची करकर थांबली. परीक्षकाचं पेन थांबलं, लिहायचं सोडून तो ऐकायला लागला. सभागृहात अशी शांतता मी फार थोड्या वेळा ऐकली आहे. ती कशाची असते ते मला कळतं. तिचा एक मुद्दा तुझ्या एकोणिसांच्या वर चालला होता. कलम सहा गेलं खड्ड्यात, करंडक तिच्याकडं चालला होता.

मी पडद्यामागं होतो. आवाजाच्या बटणावर बोट होतं. ते मी खाली ओढलं. फार नाही, थोडं. मागच्या रांगा म्हणायला लागल्या, ‘आवाज! आवाज!’ ती दचकली. ओरडून बोलायला लागली, मग तिला धाप लागली, मग वाक्य सुटलं. घंटा झाली. निकालाच्या कागदावर परीक्षकांनी लिहिलं, ‘मुद्दा उत्तम, सादरीकरणात कमी.’ दोन गुणांनी तू जिंकलीस.

तू म्हणत होतीस, आकडा खोटा होता म्हणून करंडक खोटा. आकड्यानं तू जिंकली नव्हतीस. मुद्द्यांनीही नाही. तुझा त्यात काही दोष नाही, एवढंच मला तुला सांगता येतं, आणि ते सांगायचं तर हे सगळं सांगावं लागतं.

हे कुणाला माहीत नाही. कुणी विचारलं नाही, विचारणारही नाही. परवाच्या नंतर तर मी खरं बोलणारा माणूस म्हणून ओळखला जाणार आहे, इथल्या दोघा-तिघांना आताच कळलंय, वजनाचं विचारतात. गप्प बसलो असतो तर शनिवारी तू आली असतीस.

क्षमाला मी काल स्वतंत्र पत्र टाकलं, स्पीडपोस्टनं. तिचं आधी पोचेल. करंडक-समितीला राजीनामा आणि कारण दोन्ही कळवलंय. फिरता करंडक तर पुढं गेला, पण कपाटातली तुझ्या नावाची छोटी प्रतिकृती मी खाली काढून ठेवली आहे. ती कुणाला द्यायची ते तू ठरव, मी यात मत देत नाही.

शनिवारचं तूच ठरव. आलीस तरी आणि नाही आलीस तरी मी कारण विचारणार नाही.

तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. ती आत भाकऱ्या थापतेय, ऐकू येतंय. हे पाकीट बंद करतो आणि तिच्याकडं जातो.

आप्पा